सात नंबरची आंगवण

९ ऑक्टोबर १९८६, गुरुवार

ही डायरी पंपाच्या कंपनीने जानेवारीत बाबांच्या दुकानात दिली होती. नऊ महिने माळ्यावर पडून होती. आज खाली काढली, कारण जे झालं ते योगिताला सांगितलं तर ती हसेल आणि आईला सांगितलं तर ती माझा खेळच बंद करेल.

माझा सात नंबरचा शर्ट दुसऱ्याच मुलीने घातलाय.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या पायऱ्यांवर घसरले, गुडघा सुजला. डॉक्टरांनी पाच आठवडे सांगितले, ते सात झाले. आज पहिल्यांदा बास्केटबॉलच्या कोर्टवर गेले. आमच्या कोर्टशेजारून खनिजाचे ट्रक जातात, त्यामुळे सिमेंटवर रोज लाल धुळीचा थर बसतो आणि खेळण्याआधी झाडावं लागतं. पाळी लावलेली असते आणि ती प्रत्येक मुलगी चुकवते. आज एक उंच, काळीसावळी मुलगी एकटीच झाडत होती. पाठीवर सात.

"तुमीच व्हय पद्माक्का? लई वाट बघत हुतो तुमची," ती म्हणाली. बाकीच्या मुली खिदळल्या, कारण ती स्वतःबद्दल बोलताना 'हुतो', 'आलो' म्हणते. नाव राणी खोत. पहिल्या वर्षाला. कागलजवळच्या गावची, वडील पाळी गावातल्या खाणीवर मशिनं दुरुस्त करतात, तिथल्याच चाळीत राहतात.

मी विचारलं, हा शर्ट कुणी दिला?

"सरांनी. मोकळा हुता न्हवं. तुमाला पायजे तर उद्या धुऊन आणतो की."

मोकळा! गेलं अख्खं वर्ष मी त्यात खेळले आणि सात आठवड्यांत तो मोकळा झाला. मी म्हटलं, दुसऱ्याने वापरलेलं मी घालत नाही. आता अकरा नंबर मिळालाय, खांद्यात ढगळ आहे. मी कॅप्टन आहे आणि माझ्याकडे बघून कुणालाही वाटेल की थोरल्या बहिणीचा शर्ट घालून आलीय. तिला हो म्हणायला काय झालं होतं मला, कळत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ती माझी नक्कल करते. फ्री थ्रो टाकताना मी चेंडू दोनदा आपटते, उजव्या हाताच्या बोटांवर फुंकर मारते, मग डावा पाय किंचित मागे घेते. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं आहे. आज राणीने तसंच केलं. दोनदा आपटला, फुंकर, डावा पाय मागे. चेंडू आत.

योगिताला दाखवलं. ती आमची सेंटर, बोर्डाखाली भिंतीसारखी उभी राहते आणि मनालाही काही लावून घेत नाही. म्हणाली, "ती तुका पळोवन शिकता गे. तातूंत कितें चोरी जाली?" बघून शिकते म्हणे.

खेळ संपल्यावर राणीने फडक्यातून भाकरी आणि ठेचा काढला. मुली बेकरीवाल्या पोदेराकडचे उंडे पाव सोडून तिच्याभोवती जमल्या. मी अर्धी भाकरी घेतली, नाही म्हटलं तर दिसलं असतं. बरी होती. ठेचा फारच तिखट होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

म्हापशात बारा गुणांनी जिंकलो. राणीचे एकोणीस, माझे चार.

जिंकल्याचा आनंद झाला पाहिजे हे मला कळतं. पण काय झालं ते लिहिते. मी कायम उजव्या बाजूने आत शिरते. पहिल्या दहा मिनिटांनंतर राणी सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, मी उजवीकडनं खेळू काय? अक्काला डावीकडं द्या." सगुण सर माझ्याकडे बघत राहिले आणि हो म्हणाले. शर्ट झाला, फुंकर झाली, आता बाजूही.

बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र पुढच्या सीटवरून सारखी वळून बघत होती, पाय लांब करून बसा म्हणत होती. मी मुद्दाम दुमडून बसले.

एक आहे. आज गुडघा नंतर कटकट वाजला नाही. आईच्या तेलाचा गुण असणार.

३ डिसेंबर, बुधवार

पाच सामने, पाच विजय. कॉलेजच्या फळ्यावर आमची नावं लागली. आमचं कॉलेज आजवर कशातच पहिलं आलेलं नाही, त्यामुळे प्राचार्यसुद्धा कोर्टवर येऊन उभे राहतात आणि चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतात.

पण संघात भांडणं सुरू झालीत. गोव्यात सगळीकडे तेच चाललंय, राजभाषा कोणती. आमच्या घरी बाबा मराठीवाले, योगिताच्या घरी कोंकणीवाले. आज दोघी-तिघींचं इतकं वाजलं की पास देणं बंद झालं. सरांनी शिट्टी मारली आणि ओरडले, "भायर कितेंय उलयात. कोर्टार भास एकूच, पास!" सगळ्या हसल्या आणि खेळ सुरू झाला.

नंतर सरांनी मला बाजूला घेतलं. "पद्मा, खरें सांग. गुडघ्याक कितें जालां?"

मी म्हटलं, काही नाही.

"कॅप्टन तूंच. पूण सुरवात राणी करतली. तुका निमाणी धा मिनटां."

शेवटची दहा मिनिटं. कॅप्टनने बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या मोजायच्या. मी बाकावर बसले तर राणी आली आणि न विचारता माझ्या गुडघ्यावर ओला टॉवेल ठेवून गेली. सगळ्यांसमोर. म्हणजे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं. मी टॉवेल काढून टाकला. गार होता, बरं वाटत होतं, तरी काढून टाकला.

२३ डिसेंबर, मंगळवार. हळर्ण

मामाच्या गावी जत्रेला आलो आणि अडकलो. राजभाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडं तोडून टाकलीत, बस बंद. सेमीफायनल एकोणतीसला होती, ती पुढे गेली असं रेडिओ ऐकून मामाच म्हणाला, अशात कसला खेळ.

आज सकाळी एकटीच रवळनाथाच्या देवळात गेले. इथे आंगवण करतात, म्हणजे नवस. देवासमोर उभं राहून मागायचं आणि काय देणार ते सांगायचं. लहानपणी मी परीक्षेसाठी केळी बोलत असे.

मी हात जोडले आणि म्हटलं, देवा, राणी खोतला आमच्या संघातून काढ. मला माझी जागा दे. पाच नारळ आणि केळ्यांचा घड देईन.

असंच म्हटलं. संघ जिंकू दे, असं मनातसुद्धा आलं नाही. लिहून ठेवते, कारण उद्या मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

बाहेर आले तर पायरीवर आई. "आंगवण केलंस गो? कित्याक?"

खेळासाठी, म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही, विचारायचं नसतं. पण चेहरा इतका कौतुकाचा केला की मला तिच्याकडे बघवेना.

८ जानेवारी १९८७, गुरुवार

राणी गेली.

कॉलेज आज उघडलं. योगिताने सांगितलं की पाळीच्या चाळीवर कुणीतरी दगड मारले, दोन रात्री. बाहेरचे म्हणून. खाणीचं काम बंद, तेव्हा तिथल्या सगळ्यांनी बायकामुलांना गावी पाठवून दिलं. राणी जाण्याआधी योगिताच्या घरी येऊन एक पुडकं देऊन गेली, "अक्काला द्या" म्हणून. वर्तमानपत्रात गुंडाळलेला सात नंबरचा शर्ट. धुतलेला, इस्त्री केलेला, काखेत उसवला होता तिथे बारीक टाके घातलेला. आत कागदाचा तुकडा, त्यावर कागलजवळच्या गावाचा पत्ता आणि खाली, "खेळ कसा चाललाय कळवा."

पहिल्यांदा मला आनंद झाला. खरंच झाला, पोटातून. शर्ट घालून आरशासमोर उभी राहिले.

मग भीती वाटली. मी एका मुलीला काढ म्हटलं होतं. त्यासाठी अख्खी चाळ उठवायची काय गरज होती?

दंगल आंदोलनामुळे झाली हे मला कळतं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तरी आज जेवण गेलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

सेमीफायनल. सातचा शर्ट घालून मी पहिल्या मिनिटापासून खेळले. उजवी बाजू माझी, सगळं माझं.

दोन गुणांनी जिंकलो, तेही योगितामुळे. माझ्या हातातून सहा वेळा चेंडू गेला. उजवीकडून आत शिरताना सगळं वजन त्याच गुडघ्यावर येतं आणि तो मधेच सुटतो, जिना उतरताना पायरी चुकावी तसा. डावीकडून खेळताना असं होत नव्हतं.

आत्ता हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला. म्हापशात बाजू बदलून मागितली ती राणीने.

नाही. तिला कसं कळणार? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

२१ जानेवारी, बुधवार

सरांनी सगळ्यांना गोल उभं करून विचारलं, राणीचा गावचा पत्ता कुणाकडे आहे का? खाण पुन्हा सुरू होतेय म्हणे, बोलावलं तर येईल. कुणाकडेच नव्हता. मी बुटाची नाडी बांधत होते. दोनदा सोडून बांधली.

पत्ता या डायरीत आहे, आठ जानेवारीच्या पानात.

२७ जानेवारी, मंगळवार

सराव करताना गुडघा दोनदा सुटला. फायनल सात फेब्रुवारीला पणजीत, मडगावच्या कॉलेजशी. ते तीन वर्षं सलग जिंकतायत.

दुपारी पोस्टात जाऊन कार्ड घेतलं. लिहिलं, "फायनल सात तारखेला पणजीत. ये." खाली सही केली नाही. हे मी तिच्यासाठी केलेलं नाही, कॉलेजसाठी केलंय. कार्ड पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं की परत काढता आलं तर बरं. पेटीच्या फटीत बोटंसुद्धा घालून बघितली. पोस्टमन बघत होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

परवा कोंकणी राजभाषा झाली. बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलत नाहीत. योगिताने कोर्टवर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, उलट तिच्या वाटणीचं लाडूचं पुडकं मला दिलं. तिच्यावर रागावणं कठीण आहे.

आणि आज कोर्ट झाडलेलं होतं.

राणी. वडिलांबरोबर पहाटेच्या गाडीने आलेली. मुलींनी तिला उचलून धरलं. तिने पिशवीतून माझं कार्ड काढलं आणि सगळ्यांना दाखवलं, "पद्माक्कानं बोलावलं मला!" सही नाही, मग तुला कसं कळलं, म्हटलं तर म्हणाली, "फळ्यावर तुमीच लिवता न्हवं सामन्याचं. अक्षर वळखतो मी."

सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी काहीतरी मोठं केलंय. सरांनी पाठ थोपटली. जमिनीने पोटात घेतलं असतं तर गेले असते.

सातचा शर्ट काढून द्यायला लागले तर तिने घेतला नाही. "तुमचाच हाय. मी नुसता जपला हुता." अकरा नंबर तिने घातला. तिच्या खांद्यात तो बरोबर बसतो. तोही.

८ फेब्रुवारी, रविवार

काल जिंकलो. अडतीस–सदतीस.

नीट लिहिते. सुरुवात राणीने केली, मी बाकावर. शेवटच्या आठ मिनिटांत सरांनी मला आत घेतलं, योगिताचे पाच फाऊल झाले होते म्हणून. राणी आपण होऊन उजवीकडे गेली, मला डावी मोकळी ठेवली. यावेळी मी पाहिलं. तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि मग गेली. तिला पहिल्यापासून माहीत होतं.

आम्ही एका गुणाने मागे, घड्याळात सात सेकंद. राणीने पास दिला, मी उडाले आणि मडगावची एक मुलगी अंगावर आली. फाऊल. मला दोन फ्री थ्रो. पण मी खाली पडले ते उठलेच नाही. गुडघा सरळ होईना.

नियम असा की जिला लागलं तिच्या जागी जी आत येईल ती फ्री थ्रो टाकते. सरस्वती माझ्या जागी यायला उठली, तर पंच म्हणाले तीच टाकणार. आमची सरस्वती दुसऱ्या वर्षाची, आजवर सामन्यात कधी फ्री थ्रो टाकलेला नाही. राणी तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "अक्का करती तसं कर. दोनदा आपट. बोटावर फुंकर. डावा पाय मागं." आणि चेंडू नसताना स्वतः करून दाखवलं.

सरस्वतीने केलं. दोनदा, फुंकर, पाय मागे. आत. पुन्हा तसंच. आत.

मी बाकावर पाय लांब करून पडले होते आणि माझी फुंकर तिसऱ्याच मुलीच्या बोटांवर बघत होते. ते दोन गुण माझे होते. सगळे नाचत असताना माझ्या मनात हेच आलं. आधी हेच आलं, रडू नंतर.

९ फेब्रुवारी, सोमवार

पेपरात फोटो. ढाल राणीच्या हातात, कारण ती उंच. माझा अर्धा चेहरा ढालीमागे. खाली छापलंय, कॅप्टन राणी खोत.

फोटो कापून ठेवलाय. कॅप्टनवर पेनाने रेघ मारली आणि मग कापसाने पुसायला गेले तर कागद फाटला.

२० एप्रिल, सोमवार

आई मागे लागलीय. आंगवण थकवून ठेवलीस म्हणून गुडघा बरा होत नाही, म्हणते. डॉक्टर म्हणतात लिगामेंट, सहा महिने.

मी टाळतेय. कारण हळर्णला आंगवण फेडायची तर नुसते नारळ ठेवून येता येत नाही. देवळातले म्हातारे बाबली आजा गाऱ्हाणं घालतात. देवासमोर उभं राहून मोठ्याने सांगतात की हिने अमुक मागितलं होतं, ते तू दिलंस, आता ही फेडते. आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागायचं मनात, फेडायचं चारचौघांत. मागताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यात आज राणी गुडघा बघायला घरी आली आणि आईने तिला सांगून टाकलं, "पद्मान तुमच्या खेळासाठी आंगवण केल्ली." राणीचे डोळे भरले. "अक्का, बोलली न्हाईस! मग फेडायला सगळी जाऊ की."

तिने पहिल्यांदा मला तुमी सोडून तू म्हटलं. नेमकं आजच.

३१ मे, रविवार

काल गोवा राज्य झालं. आज आमचा अख्खा संघ योगिताच्या काकांच्या टेम्पोतून हळर्णला गेला. सर पुढे, आम्ही मागे, मध्ये नारळ. चार घड. मी एकच बोलले होते. मुलींनी वाटेत फणसाचे गरे खाल्ले आणि गाणी म्हटली. राणी माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली, खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून.

मी वाटेत ठरवलं होतं, सांगायचं की संघ जिंकावा म्हणून मागितलं. कोण बघायला येणार होतं? सगळ्यांना तेच वाटत होतं. नारळही जास्त होते.

बाबली आजा ऐंशीच्या पुढचे. कानाने कमी. त्यांनी नारळ मांडले आणि माझ्याकडे वळले. "काय मागितलेलंस गो चेडवा? सांगल्याशिवाय गाऱ्हाणां कसां घालू?"

मागे सगळ्या हात जोडून उभ्या. राणी माझ्या उजव्या बाजूला, गुडघ्याकडे, पडले तर धरायला.

तिथेच ते खोटं माझ्याने बोलवेना. मी आजांच्या कानाशी जाऊन खरं सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. "मोठ्यान सांग!" पुन्हा सांगितलं. "मोठ्यान गो!"

मग मी मोठ्याने सांगितलं. राणी खोतला संघातून काढ आणि मला माझी जागा दे, असं मागितलं होतं. देवळात घुमलं.

आजांना आता नीट ऐकू आलं होतं. त्यांनी ना भुवई उंचावली ना काही. साठ वर्षं ते लोकांची मागणी देवाला सांगतायत. त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ही चेडवां तुझ्या दारात उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मुलींचा आवाज आला, पण निम्माच.

"ह्या चेडवान रागाच्या भरात सांगातणीचा वायट मागितलां म्हाराजा!"

एक वटवाघूळ वर हललं तेसुद्धा ऐकू आलं. मी राणीकडे बघितलं नाही. बघूच शकले नाही. नुसती तिची बोटं माझ्या कोपरावर होती ती सुटली, एवढं कळलं.

आजा थांबले होते. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही.

मग मीच म्हटलं. "व्हय म्हाराजा."

"तां तिका आता कळलां, काय चुकलां-माकलां आसात तां पदरात घे म्हाराजा!"

आणि मग अगदी माझ्या कानाजवळ, कोर्टवर "पास!" म्हणून ओरडते त्याच आवाजात, राणी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" तिच्यामागून योगिता, मग सगळ्या, मग सगुण सर. बोटं कोपरावर परत आली. घट्ट, जरा दुखेल इतकी. तेवढं मला चालेल.

"आता काय मागतस?" आजांनी विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दोघींना खेळव. डावीकडून मी, उजवीकडून ती.

परतताना टेम्पोत, डिचोली जवळ आल्यावर राणी म्हणाली, "शर्टाच्या काखेत टाके घालताना मला बी एकदा वाटलं हुतं, फाडूनच टाकावा." मग हसली. मी पण हसले.

व्हय म्हाराजा तिने इतक्या मोठ्याने म्हटलं की बाहेर झाडाखाली बसलेली माणसं उठून बघायला आली. आंगवण माझी, नारळ माझे, आणि देवळातसुद्धा तिचाच आवाज सगळ्यांत मोठा.